शटरखालचा टेकू

११ डिसेंबर २०२३, सोमवार. रुपये एकवीस हजार आठशे फक्त. माझी धाकटी बहीण सुरेखा हिनं त्या दिवशी खालापूरच्या रोहिदास शटरवाल्याला ही रक्कम दिली आणि कळंबच्या पुढे रस्त्याला लागून असलेल्या आपल्या घराच्या गाळ्याला मोटरचं शटर करून घेतलं. मोटर कोणती घ्यायची यावर त्याआधी आमच्यात बरीच चर्चा झाली होती. चर्चा करताना आम्ही सगळे घाबरलेले होतो, पण प्रत्येकाची भीती वेगळी होती. पुढे जे झालं त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

आधी सुरेखाविषयी सांगतो.

तिचं लग्न दत्ता दाभणे यांच्याशी झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दत्ता विटांचा टेंपो चालवायचे. घरी दोन एकर भात आणि सासू विमलबाई. मुलगा मनोज बारावीत असताना दत्ता काविळीनं गेले. त्यानंतर सुरेखा कळंबच्या एका रिसॉर्टवर खोल्या साफ करायच्या कामाला लागली. सकाळी सहाला हजर व्हायचं, म्हणजे पाचला घरून निघायचं. वाडीवरच्या बायका आणि गावातल्या बायका मिळून अंधारातून रस्त्याच्या कडेनं चालत जायच्या. शनिवार-रविवारी मुंबईहून आलेल्या गाड्या त्या रस्त्यानं कशा सुटतात हे तिथल्या माणसांना सांगायला नको. एकदा एका गाडीचा आरसा बुधीच्या कोपराला लागला आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. बुधी ही वाडीवरची, सुरेखाच्याच रिसॉर्टवर भांड्यांना होती.

त्या दिवशी सुरेखानं मला फोन केला. "दादा, मला गाडी शिकायची हाय."

मी म्हटलं, "कुठली गाडी?"

"मोठी. ज्यात आमी सगळ्या बसू अशी."

ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. कर्जतच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, घरात चालवायला दुसरं कोणी नाही का?" ती म्हणाली, "हाय ना. सासू हाय. तिला घेऊन येऊ का उद्या?" मास्तरांनी चावी पुढे केली. दोन महिन्यांत तिला परवाना मिळाला. मग तिनं दत्तांचा टेंपो विकून आलेले पैसे आणि बचत गटाचं कर्ज मिळून एक जुनी पांढरी इको व्हॅन घेतली. पहिल्या आठवड्यात ती शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली, दुसऱ्या आठवड्यात रिसॉर्टच्या कारंज्यापर्यंत नेली, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्या रस्त्यावर तिच्याइतकी सांभाळून गाडी चालवणारं कोणी नाही असं बायका सांगू लागल्या. सकाळी आठ बायका न्यायच्या, दुपारी पाळी बदलली की चार आणायच्या, संध्याकाळी उरलेल्या. स्वतःचं खोल्यांचं काम तिनं सोडलं.

सुरेखा घाबरत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

इको ठेवायला घराच्या दर्शनी भागात गाळा होता. दत्तांनी टेंपोसाठी बांधलेला, नऊ फूट रुंदीचा, लोखंडी शटरचा. शटर जुनं आणि त्याच्या स्प्रिंगा सैल झालेल्या. अर्धं उचललं की तिथं न थांबता हळूहळू खाली सरकायचं. म्हणून दत्तांनी ऐनाच्या लाकडाचा एक टेकू करून ठेवला होता, माझ्या छातीला लागेल इतक्या उंचीचा. दिवसभर शटर त्या टेकूवर अर्धं उघडं असायचं. त्यामुळे आत ऊन यायचं नाही, वारा यायचा, कोंबड्या ये-जा करायच्या आणि मोकाट गुरं आत शिरत नसत. भाताची पोती त्याच गाळ्यात. विमलबाई दिवसभर तिथेच बसायच्या, उंबऱ्याच्या आत, सूप घेऊन.

टेकू काढणं-घालणं हे विमलबाईंचं काम होतं. त्याची एक ठरलेली रीत होती. टेकू शटरच्या डाव्या बाजूला, खांबापासून हातभर आत असायचा. गाडी आली की आधी टेकू काढायचा, मग शटर उचलायचं. कारण पूर्वी एकदा टेकू तसाच ठेवून दत्तांनी शटर उचललं, तेव्हा तो सुटून टेंपोवर पडला होता आणि पुढचा दिवा फुटला होता. टेकू काढला की शटर वीतभर खाली सरकायचं आणि अडायचं. तेवढ्यात सुरेखा बाहेरून हात घालून ते वर ढकलायची. विमलबाईंना गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही. म्हणून सुरेखा अंगणात शिरताना गाडीचे दिवे दोनदा उघडमीट करायची. तो उजेड शटरखालून आत फरशीवर पडायचा. तो दिसला की विमलबाई सूप बाजूला ठेवायच्या, शटरखालून हात बाहेर काढून हलवायच्या, म्हणजे 'कळलं', आणि टेकूच्या बुडाला टाचेनं ठोकर द्यायच्या. आठ-नऊ वर्षं हे रोज चाललं होतं.

मग सुरेखाचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर नेऊ नका. शटर उचलताना ती कळवळायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून उचलून घेणं तिला आवडायचं नाही. नोव्हेंबरमध्ये एका रात्री हात फारच दुखत होता, म्हणून तिनं गाडी अंगणातच ठेवली. सकाळी चावी फिरवली तर गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. खालून सायलेन्सर कापून नेला होता. इकोच्या सायलेन्सरमधल्या मातीत महाग धातू असतो, म्हणून तिला भाव आहे म्हणतात. तिचा संशय कोणावरच नव्हता आणि म्हणून सगळ्यांवर होता.

दुसरा सायलेन्सर बसला, पण सुरेखाची झोप गेली. पुढचे काही दिवस ती अंगणात इकोमध्येच झोपली, उशाशी कोयता घेऊन. हे मला बुधीनं सांगितलं, तेही हसत.

"दादा, तुमच्या बहिणीला सांगा काय तरी. चोर आला तर ती कोयता मारायची नाय, पयला त्याला विचारील, कुठं सोडू म्हून."

मी हसलो, पण त्याच रविवारी कळंबला गेलो.

माझी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, हिशेब खात्यात. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. कोणतीही वस्तू घेताना तीन ठिकाणचे भाव मागवायचे आणि समोरासमोर मांडायचे ही आमची पद्धत. तशी मी मोटरचीही माहिती काढली. पहिला पर्याय मोटरशिवायचा होता, भिंतीवर साखळी लावून ओढायचं शटर. तो स्वस्त होता, पण साखळी ओढायलाही खांदा लागतोच. दुसरा पर्याय मोटर आणि भिंतीवरचं बटण. त्यात बटण दाबून धरलं तरच शटर खाली येतं, बोट काढलं की थांबतं. म्हणजे शटर खाली येत असताना माणूस तिथे हजर हवा. तिसरा पर्याय रिमोट आणि मोबाइलवर चालणारी मोटर. एकदा दाबलं की ते आपलं आपण पूर्ण खाली जातं. त्याला उंबऱ्यापाशी एक सेन्सर लावता येतो. मध्ये काही आलं तर शटर उतरत नाही.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला होतं, आणि तिसरा घेतलाच तर सेन्सरशिवाय नको. याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यानं भाड्यानं घेतलेल्या एका गोदामात शटर एका हमालाच्या पायावर आलं होतं. मी वरच्या मजल्यावर होतो. तो आवाज आणि त्यानंतरची शांतता मी विसरलेलो नाही. अजूनही मी उघड्या शटरखालून जाताना मान आत घेतो आणि पाऊल लांब टाकतो.

मनोजला तिसराच पर्याय हवा होता. तो पुण्याजवळ चाकणला नोकरी करतो. फोनवर म्हणाला, "मामा, आई बाहेर असते, आजीला ऐकू येत नाही. कोणी आत शिरलं तर? मोबाइलवर असलं की मला इथून दिसेल, उघडं आहे का बंद. उघडं राहिलं तर मी इथूनच बंद करीन."

"आणि खाली कोणी असलं तर?"

"म्हणून तर सेन्सर घेतोय ना मामा."

सुरेखाला रिमोट आवडला, कारण पावसात उतरावं लागणार नव्हतं. रोहिदासनं तिसऱ्या पर्यायाचा भाव सेन्सर धरून दिला. काम सुरू झालं त्या दिवशी तो म्हणाला, "ताई, सेन्सर भिवंडीवरनं यायचाय. माल आला का लावतो. तवर थांबायचं असंल तर थांबू."

सुरेखा गाडीत झोपून झोपून डोळे लाल करून बसली होती. म्हणाली, "थांबू नको रं बाबा. आजच कर."

रोहिदासनं स्प्रिंगांचा जुना रूळ काढला आणि साधा पाइप चढवला. "आता सगळं वजन मोटरवर," तो म्हणाला. "एक ध्यानात ठेवा. शटर खाली येताना मधी काय अडकलं, तर मोटरला कळत नाय. ती सोडतच राहते. वरच्या वरती पत्रा ढिला पडून साठतो. मग खालचं अडकलेलं काढलं का सगळा लोंढा एकदम येतो. तसं दिसलं तर कुणी खाली जायचं नाय. रिमोटनं आधी वर घ्यायचं. ढिला पत्रा गुंडाळला गेला का मग काम."

सुरेखानं मान डोलावली. मीही. विमलबाई पोत्यांपाशी बसून मोटरकडे बघत होत्या. सुरेखानं त्यांना खुणेनं सांगितलं, आता टेकू नको. त्यांनीही मान डोलावली, आणि आम्ही चहा प्यायला आत गेलो तेव्हा टेकू उचलून शटरखाली उभा केला.

"आत्या, नको म्हटलं ना!" सुरेखानं तो बाजूला केला.

"बरं," विमलबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता. मुलाच्या हातचा टेकू. सुरेखानं नाद सोडला. शटर दिवसा पूर्वीसारखंच अर्धं ठेवायचं ठरलं, आणि टेकू नुसता खाली उभा असायचा. त्याच्यावर भार नव्हता. गाडीचे दिवे दिसले की विमलबाई तो पूर्वीसारखाच काढायच्या. मला ते चांगलंच वाटलं. असलेला बरा, असं मी म्हटलंही.

महिनाभर सगळं ठीक चाललं. सेन्सर आला नव्हता.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी मला सुट्टी होती. तिळाचे लाडू घेऊन मी दुपारी कर्जतला उतरलो. सुरेखा बायकांना सोडून परतताना मला घ्यायला आली होती. तिच्यासोबत बुधी होती, तिला अंगात कणकण होती म्हणून ती लवकर सुटली होती. रस्ताभर बुधीची बडबड चालू होती.

"दादा, आता तुमी घरी बसणार म्हंजे वैनी रडणार."

"का गं?"

"हिशोब मागाल ना तुमी रोज. मीठ किती, मिरची किती."

सुरेखा हसली. मला आठवतं, आम्ही हसतच अंगणात वळलो. सुरेखानं सवयीनं दिव्यांची दोनदा उघडमीट केली.

मग तिनं ब्रेक मारला.

शटर दिसायला नेहमीसारखंच अर्धं होतं, टेकूवर. पण त्याच्या वरचा पत्र्याचा डबा एका बाजूनं उघडला होता आणि त्यातून शटरच्या पट्ट्यांचा मोठा फुगवटा बाहेर लोंबत होता. जनावराच्या पोटासारखा. खालची जाड पट्टी टेकूच्या डोक्यात रुतली होती. टेकू किंचित वाकडा झाला होता.

मला एका क्षणात रोहिदासचे शब्द आठवले. सुरेखालाही आठवले असणार, कारण तिचा हात रिमोटवर गेला. तिनं वरचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. भिंतीवरच्या मोटरचा लाल दिवा बंद होता.

"लाइट नाय," ती म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही.

तेवढ्यात शटरखालून विमलबाईंचा हात बाहेर आला. कोपरापर्यंत गोंदण. तो हात दोनदा हलला. कळलं.

आम्हीच त्यांना सांगितलं होतं, टेकू काढा म्हणून. दिवे लावून सांगितलं होतं.

मी दार उघडून खाली उडी मारली आणि ओरडलो, "काढू नका! विमलबाई! हात लावू नका!" ऐकू न येणाऱ्या माणसाला मी गळा फाटेपर्यंत ओरडत होतो. मागून बुधी ओरडत होती, "म्हातारे! अगं म्हातारे!" विमलबाईंची पावलं दिसत होती. मग त्या वाकल्या. टेकू नेहमीसारखा एका ठोकरीत सुटेना, कारण त्याच्यावर भार होता. म्हणून त्या खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचं बूड ओढायला लागल्या. त्यांचं पांढरं डोकं शटरच्या पट्टीच्या बरोबर खाली होतं. टेकूचं बूड फरशीवर एक बोट सरकलं. डब्यातून खरखर आवाज आला.

मी शटरपासून सात-आठ पावलांवर उभा होतो. धावत जाऊन त्यांना आत ढकलायचं, तर मीही त्या पट्टीखाली जाणार होतो, आणि माझा धक्का त्यांना लागण्याआधी टेकूला लागला असता. स्वयंपाकघरातून गाळ्यात यायचं दार होतं, पण कोंबड्या घरात शिरतात म्हणून विमलबाई त्याची कडी गाळ्याच्या बाजूनं लावून घेत. मी उभाच राहिलो. मला गोदामातला तो आवाज ऐकू आला. शटर अजून पडलं नव्हतं, तरी ऐकू आला.

आणि माझ्या बाजूनं इको गेली.

सुरेखानं गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे घातली होती. माझ्या बाहीला आरसा घासून गेला. गाळ्याच्या उजव्या बाजूनं, खांबाला अगदी चिकटून, तिनं गाडीचं नाक त्या अर्ध्या उघड्या शटरखाली घातलं. डावीकडे विमलबाई, उजवीकडे गाडी, मध्ये फार तर दोन हातांची जागा. विमलबाई घाबरून उजवीकडे सरकल्या असत्या, तर त्या चाकाखाली आल्या असत्या. सुरेखाला हे माहीत होतं. नंतर तिनं मला सांगितलं, "दादा, गाडी आली का आत्या कायम डावीकडं सरते, पोत्यांकडं. ते मला म्हाईत होतं. पण त्या दिशी सरल का, ते म्हाईत नव्हतं."

टेकू सुटला.

आवाजाचं वर्णन करत नाही. वरचा सगळा पत्रा एकदम खाली आला आणि इकोच्या नाकावर आदळला. पुढची काच पांढरी होऊन आत कोसळली. शटर एका बाजूला तिरकं होऊन खाचांमध्ये अडकलं आणि थरथरत थांबलं. धूळ उडाली. कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या.

नंतर सगळं शांत झालं. तीच शांतता.

मला खाली वाकून बघायचा धीर होत नव्हता. बुधी वाकली. अंगात ताप असलेली ती बाई जमिनीवर आडवी झाली आणि शटरखाली बघून म्हणाली, "बसली हाय. बसली हाय म्हातारी. टेकू मांडीवर घेऊन बसली हाय."

विमलबाई टेकू सुटताच त्याच्यासकट मागे पोत्यांवर पडल्या होत्या. त्यांना कुठे काही लागलं नव्हतं. फक्त पदराचं टोक पट्टीखाली सापडलं होतं आणि तो सोडवायला त्या ओढत होत्या. स्वयंपाकघराच्या दारानं आम्हाला आत जाता यावं म्हणून बुधीनं शटरखालून हात घालून त्यांना कडी काढायची खूण केली. कडी काढल्यावर सुरेखाला समोर बघून विमलबाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "किती येळा सांगितलं गं तुला, टेकू काढस्तवर दम काढ म्हून. काच फोडलीस ना?"

सुरेखाच्या केसांत काचेचे कण होते, कपाळावरून बारीक रक्ताची रेघ. तिनं सासूचे दोन्ही हात धरले. मग खाली बसली. फरशीवर तांदूळ सांडले होते, त्यातच बसली. बुधीनं तिला स्वतः भांडं धरून पाणी पाजलं.

मनोजला फोन मीच लावला. काय झालं हे सांगण्याआधी मी विचारलं, "मनोज, तू शटरला हात लावला होतास का?"

"हो मामा. एरवी रात्री बघतो, आज साडेअकराला बघितलं तर उघडं दिसलं. मोटर आल्यावरही दिवसा ते अर्धं ठेवता हे मला माहीत नव्हतं. आई तर बाहेर असते त्या वेळी. म्हणून बंद केलं." मग थोडं थांबून म्हणाला, "आताही बंदच दाखवतंय की. क्लोज्ड. का हो?"

मी त्याला सांगितलं. संध्याकाळी सातला तो चाकणहून मोटारसायकलवर घरी आला. आल्या आल्या तो आजीच्या पायाशी बसला. विमलबाईंनी त्याला विचारलं, "सुट्टी हाय का रं?" त्यानं मोबाइल काढून सुरेखाच्या हातात दिला. "हे काढून टाक, आई."

"तूच काढ," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळत नाय. पण मला माझ्या घरात मी नसताना काय हलायला नको."

दोष कुणाचा याचा हिशेब मी त्या रात्री मनात मांडला. मनोजनं आजीला जपण्यासाठी शटर पाडलं होतं. विमलबाईंनी शटर पडू नये म्हणून टेकू घातला होता. सुरेखानं सासूला सावध करायला दिवे लावले होते. टेकू असलेला बरा, असं मी म्हटलं होतं. आणि नेमका दुसऱ्या दिवशी रोहिदास सेन्सर घेऊन आला. तिरकं शटर आणि फुटलेली गाडी बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. सेन्सर असता, तर टेकू मध्ये दिसताच मोटर चाललीच नसती, हे त्यानं स्वतःच सांगितलं.

पुढचे चार दिवस सुरेखानं गाडी चालवली नाही. काच नव्हती हे एक कारण, पण काच बसल्यावरही ती चावी हातात घेऊन अंगणात उभी राहायची आणि परत आत जायची. बायका पुन्हा पाचला चालत जाऊ लागल्या. पाचव्या दिवशी पहाटे बुधी एकटी घरी आली आणि न विचारता गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"आमी चाललो तर आमाला गाडी मारते," ती म्हणाली. "तू चालवलीस तर फकस्त तुज्या हाताला कापरं भरतं. मग कोणतं बरं, सांग?"

सुरेखा गाडीत बसली. त्या दिवशी तिनं सगळ्यांना तीसच्या वेगानं नेलं, पण नेलं.

आता शटरचं सांगतो, कारण दरवाजाला मोटर बसवू पाहणारे माझ्या ओळखीचे दोघं-तिघं मला विचारतात. मोबाइलचं यंत्र आणि रिमोट दोन्ही काढले. पडतं शटर पकडून धरणारा ब्रेक रुळाला बसवला. सेन्सर लावला. आणि भिंतीवर बटण बसवलं, दाबून धरलं तरच चालणारं. ते कुठे बसवायचं यावर रोहिदास आणि मी विचार करत होतो. सुरेखानं जागा दाखवली, आत डाव्या भिंतीला, पोत्यांच्या मागे. तिथे उभं राहिलं की माणूस शटरपासून पाच हात लांब असतो आणि उंबरा पूर्ण दिसतो. बटण चालवायचं काम विमलबाईंना दिलं. टेकू त्यांच्या हातातून काढून घेतला असता, तर तो त्यांनी पुन्हा आणला असता. हातात दुसरं काही द्यायला हवं होतं. गाडीचे दिवे उघडमीट झाले की त्या आता उठून भिंतीपाशी जातात आणि बटण दाबून धरतात. लाइट नसेल तर शटर हलतच नाही, आणि सगळे वाट बघतात. शटर वर जाईपर्यंत त्या मान वर करून मोटरवर डोळे रोखून असतात, तिला आपल्यावाचून जमणार नाही अशा चेहऱ्यानं. मोटर चुकेल याची त्यांना भीती वाटत नाही. त्या दिवशी आपण कशाखाली वाकलो होतो, हे त्यांना कोणी पूर्ण सांगितलं नाही. सुरेखा म्हणते, सांगूच नको.

भीती आहे ती सुरेखाला. गाडी अंगणात आली की ती इंजिन बंद करते, खाली उतरते, वाकून आत बघते. विमलबाईंची दोन्ही पावलं भिंतीपाशी दिसली की मगच गाडीत परत बसून दिवे लावते. रोज. मी सोबत असलो तरी. एकदा मी म्हटलं, "आता सेन्सर आहे, ब्रेक आहे, बटण लांब आहे." ती म्हणाली, "हाय ना. मला म्हाईत हाय, दादा." आणि उतरली.

काच, ब्रेक आणि गाडीच्या नाकाचं पत्र्याचं काम मिळून झालेला खर्च मनोजनं दिला. त्यातले कर्जतच्या काचवाल्याचे दोनशे साठ रुपये तेवढे अजून द्यायचे आहेत.